ट्रंकेतल्या दोन मरून साड्या

केडगाव-चौफुल्यावर खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जावा शिकवणारा क्लास आहे, हे पुण्यातल्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो. हसू द्या. तिथून शिकलेली पोरं आता त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि त्याच्यापेक्षा जरा कमी बोलतात, एवढाच फरक. खाली युरियाची पोती, वर कॉम्प्युटर. खालून औषधांचा वास वर येतो आणि वरून सुषमाबाईंचा आवाज खाली जातो. बियाणं घ्यायला आलेल्या आप्पा-मामांना आता ऑब्जेक्ट म्हणजे काय ते साधारण कळायला लागलंय, असं दुकानदार सांगत असतो. तो थोडं फुगवतो, पण अगदीच खोटं बोलत नाही.

सुषमा कासुर्डीची सून. घर धनगराचं. आजेसासरे मेंढरं घेऊन पार कोकणाच्या तोंडापर्यंत हिंडायचे, सासऱ्यांनी मेंढरं काढून विहीर पाडली, नवरा दत्ता कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करतो आणि सून जावा शिकवते. घराणं बघता बघता कुठल्या कुठं आलं, पण घरातली सत्ता काही जागची हलली नाही. ती सुषमाच्या सासूच्या, म्हणजे बयाबाईंच्या हातात. आणि त्या सत्तेची गादी म्हणजे माजघरातली पत्र्याची ट्रंक.

ट्रंकेत आहेराच्या साड्या. लग्न, बारसं, वास्तुशांत, जावळ, कुठून कुठून आलेल्या. त्यांची घडी मोडायची नाही, पिशवीतून बाहेर काढायची नाही, नुसत्या ठेवायच्या आणि पुढच्या कार्याला पुढं सरकवायच्या. कुणाची साडी कुणाला गेली तर चालते आणि कुणाला गेली तर गहजब होतो, हे सगळं बयाबाईंच्या डोक्यात. कुठं लिहून ठेवलेलं नाही. ज्यांनी दिली त्यांच्याच दारात साडी परत गेली, तर मग संपलंच. माणसं बाकी काही विसरतील, हे नाही विसरत. बयाबाईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं आणि हे त्या येईल त्याला, न विचारता, सांगायच्या.

आता गंमत बघा. सुषमाबाईंचा क्लास गाजला तो याच ट्रंकेवर. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, मेमरीत कशी ठेवली जाते हा धडा आला की पोरांच्या माना लवंडायच्या. पुस्तकातलं काही डोक्यात शिरायचं नाही. एका बॅचला वैतागून तिनं फळा पुसला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमच्या घरी आहेराची ट्रंक हाय का न्हाई?"

झोपलेली जागी झाली.

"मग झालं तर. ट्रंक म्हंजी मेमरी. प्रोग्रॅममध्ये तुम्ही एका नावापुढं 'मरून' असा शब्द लिहिला. जावा काय करती? ट्रंकेत एक खास कप्पा हाय, त्याला स्ट्रिंग पूल म्हणायचं. तिथं जाऊन आधी बघती, असली साडी आपल्याकडं हाय का? असंल तर नवी घेत न्हाई. तीच दावती. दुसऱ्या नावापुढं 'मरून' लिहा, तिसऱ्या लिहा, साडी एकच. आन् कुणी 'न्यू' लिहून हट्टच धरला, तर मग बाजारात जाऊन कोरी करकरीत आणती. रंग तोच, काठ तोच, पर साडी दुसरी."

केडगाव स्टेशनच्या मिशनकडची प्रिन्सी नावाची मुलगी होती, तिला कुठलीच गोष्ट पुरती पटायची नाही. ती म्हणाली, "मॅडम, पण साडी तर एका वेळी एकाच घरात असते. दहा नावांची कशी होईल?"

"साडी एकाच घरात असती गं बाई. पर 'आम्ही साडीचा आहेर केला' असं छातीवर हात ठेवून सांगणारी घरं किती?"

क्लास असा खिदळला की खालून दुकानदारानं काठीनं छत ठोकलं.

"आन् हे सगळं चालतं कशाच्या जिवावर? घडी कुणी मोडत न्हाई म्हणून! एकीनं जरी नेसून बघितली, तर पुढच्या सगळ्यांचा आहेर बुडाला. स्ट्रिंग तशीच. तिच्यात बदल करताच येत न्हाई. तुम्हाला वाटतं, आपण शब्दाला शेपूट जोडलं. जोडलं न्हाई. जावानं गुपचूप नवा शब्द केला आन् तुमचं नाव त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. जुना जिथल्या तिथं. त्याच्यावर आणखी कुणाचा डोळा असला तर? आता शेवटचं ऐका, इथंच सगळे मरतात." मग ती एक बोट वर करायची. "दोन साड्या एकसारख्या दिसत्यात का, हे विचारायचं ते इक्वल्सनं. आन् दोन्ही नावं एकाच साडीवर बोट ठेवत्यात का, हे विचारायचं दोन बरोबरची चिन्हं लावून. दिसायला सारखं म्हंजी तेच, असं धरून चाललात की प्रोग्रॅम तोंडावर आपटलाच म्हणून समजा."

हे दर बॅचला. त्याच बोटासकट. पोरं इंटरव्ह्यूला जाऊन हे असंच्या असं सांगायची आणि समोरचे साहेब लोक म्हणे खुर्चीतून पुढं सरकून ऐकायचे. सुषमाला त्याचा तोरा होता. का नसावा? साऱ्या जन्मात माणसाला एखादीच गोष्ट अशी जमते.

तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी घरातलीच होती. धाकटी नणंद अंकिता. लग्नाआधी ती वहिनीच्या गाडीवर मागं बसून क्लासला यायची आणि दोघी परत येताना कोड बरोबर का चूक यावर इतक्या भांडायच्या की यवतजवळ एकदा पेट्रोल संपलं तरी कळलं नाही. ती आता वढू बुद्रुकला दिली होती. नवरा सार्थक स्वभावानं गरीब. कुठल्याही गोष्टीला आधी "हो" म्हणायचा आणि मग आईकडं बघायचा. आई, म्हणजे अंकिताची सासू प्रतिभाबाई, कडक. त्यांना राग यायला कारण लागायचं नाही, मान लागायचा. मान मिळाला की राग पुढं ढकलला जायचा, इतकंच.

त्या अंकिताला खराडीच्या कंपनीत नोकरी लागली. चांगली, डोक्याची. स्ट्रिंगवर विचारलं होतं आणि पोरीनं ट्रंक उघडून दाखवली होती. रुजू व्हायचं होतं सोमवारी सकाळी दहाला. घरी विचारलं तर प्रतिभाबाई म्हणाल्या, "वास्तुशांत होऊ दे, मग बघू."

वढूला नवा बंगला बांधून झाला होता, त्याची रविवारी वास्तुशांत. 'बघू' म्हणजे नाही, हे कुणालाही कळतं. पण 'मग बघू' म्हणजे अजून एक खिडकी किलकिली आहे. अंकितानं फोनवर रडतच सुषमाला सांगितलं, "वैनी, आहेर तेवढा नीट आणा. मम्मींचा मान राखला गेला ना, तर जाऊ देतील. न्हाई तर माझं काय खरं न्हाई." सुषमा म्हणाली, "तू कापडं इस्त्री करून ठेव. आहेराचं माझ्यावर सोड."

सोडलं पोरीनं. आणि सुषमाबाईंनी काय केलं?

त्याच आठवड्यात बयाबाईंच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं. त्या दवाखान्यात असताना सुषमाला घर रिकामं सापडलं आणि तिला आवरायची हुक्की आली. ट्रंकेला कधी नव्हे ते कुलूप नव्हतं. सगळ्या साड्या काढल्या, उन्हात दाखवल्या, तळाला कागद घातला, डांबरगोळ्या टाकल्या आणि मग बाईंनी रंगावार लावल्या. पिवळ्या एकीकडं, हिरव्या एकीकडं, लाल-मरून एकीकडं. दुकानातल्यासारखी ट्रंक देखणी झाली. तिनं त्याचा फोटोसुद्धा काढला. शिकलेल्या माणसाला पसारा दिसला की त्याचे हात शिवशिवतात, आणि त्या पसाऱ्यातही कुणाची काही व्यवस्था असेल हे त्याच्या गावी नसतं.

शुक्रवारी बयाबाई घरी आल्या. एका डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा गॉगल, दुसऱ्या डोळ्यालाही धुरकटच. खाटेवर बसल्या बसल्या हुकूम सुटला. "सुषमे, वढूच्या आहेराला मरून साडी काढ. पर नीट ऐक. खालच्या थराला उजव्या कोपऱ्यात हाय, ती. डाव्या कोपऱ्यातल्या मरूनला हात लावायचा न्हाई. ती विहीणबाईनीच मला अंकीच्या लग्नात दिल्याली. ध्येनात आलं का?"

"आलं आत्या," सुषमा म्हणाली आणि ट्रंकेपाशी जाऊन बसली.

उजवा कोपरा कुठला आणि डावा कोपरा कुठला! दोन्ही मरून साड्या आता एकीवर एक, बहिणी-बहिणींसारख्या निजल्या होत्या. रंग तोच. काठाला तीच कोयऱ्यांची नक्षी. पिशवीसुद्धा तसलीच, कडेला पिवळी पडलेली. तिनं दोन्ही खिडकीत नेऊन उलट्यापालट्या केल्या. काही फरक नाही. सांगून टाकावं का? सांगितलं तर ट्रंक आवरल्याचं सांगावं लागणार, आणि मग पुढचा सगळा पावसाळा ऐकून घ्यावं लागणार. दत्ताला विचारलं, तर त्यानं मोबाईलमधून मान न काढता सांगितलं, "सारख्याच हायत की. दे कुठली बी."

आणि ज्या सुषमाबाईनं शेकडो पोरांना बोट वर करून सांगितलं होतं की दिसायला सारखं म्हणजे तेच नव्हे, तिनं वरची साडी उचलली आणि पिशवीत घातली. धन्य आहे! शिकवताना माणूस वेगळा असतो आणि घाईत असताना वेगळा, दुसरं काय.

रविवारी वढूला मांडव भरला होता. जेवणावळी उठत होत्या, बंगल्याच्या फरश्यांवर पाय सरकत होते आणि जो तो आल्यागेल्याला किचन दाखवत होता. बायकांच्या घोळक्यात प्रतिभाबाईंनी कासुर्डीचा आहेर हातात घेतला. हळदीकुंकू लावायला त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, काठावरून बोट फिरवलं आणि तिथंच थांबल्या.

"ही तर मी दिल्याली साडी," त्या म्हणाल्या.

आजूबाजूच्या बायका अशा गप्प झाल्या की बाहेर वाढप्याची "भात, भात" अशी हाक आत ऐकू आली.

"ही मीच दिल्याली, अंकिताच्या लग्नात. शिरूरला दुकानात सोता उभी राहून निवडली व्हती मी. दुकान पालथं घातलं व्हतं. हा काठ मी विसरंन व्हय?"

बयाबाई काळ्या गॉगलमधून कुठंतरी भलतीकडं बघत होत्या. मग त्यांनी नुसतं सुषमाच्या दिशेनं तोंड वळवलं. अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा बघून सुषमाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण ट्रंकेसकट आत जावं.

पण ती बोलायच्या धंद्यातली बाई. तोंड आपोआप सुटलं. "न्हाई ओ मावशी. सारखी दिसती, पर ती न्हाई ही. दोन साड्या एकावानी एक असत्यात की. तुम्ही दिल्याली आत्यांनी जिवापाड जपून ठेवलीया घरी. ही येगळी."

खरंतर तिला ठाऊकच नव्हतं, ही कुठली आणि घरी राहिली ती कुठली. पण सिद्धांत बरोबर होता. सिद्धांताला कुठं नावं ठेवता येतात!

"असं?" प्रतिभाबाई म्हणाल्या. "मग उद्या सकाळी आण ती घरची. दोन्ही शेजारी ठिवू. मी माझी वळखीन." मग अंकिताकडं न बघता, पण अंकितालाच, म्हणाल्या, "तवर कुणी कुठं जायचं न्हाई."

घरी आल्यावर बयाबाई ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "तू माझी ट्रंक हालवलीस." सुषमा "हो" म्हणाली. पुढं काही शिव्या येतील म्हणून ती वाट बघत उभी राहिली. आल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

सोमवारी दत्ताला अचानक पहिली शिफ्ट लागली. अशा वेळी त्याला शिफ्ट लागतेच. सुषमानं साडी डिकीत टाकली आणि गाडीला किक मारली, तर बयाबाई गॉगल लावून मागं येऊन बसल्या. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. सुषमानं ते सांगून बघितलं.

"डोळा झाकलाय," बयाबाई म्हणाल्या, "तोंड न्हाई झाकल्यालं. चल."

राहूवरून, कोरेगाव भीमाला वळसा घालून त्या वढूला पोचल्या तेव्हा बंगल्यात कालच्या झेंडूंचा वास कोंडला होता. अंकिता तयार होऊन जिन्याशी उभी होती. पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग, हातात मोबाईल. दर दोन मिनिटांनी ती त्यात वेळ बघत होती. सार्थक पाण्याची मोटार बंद करायला म्हणून मागच्या बाजूला गेला होता आणि परत यायचं काही नाव घेत नव्हता.

प्रतिभाबाईंनी दोन्ही साड्या नव्या फरशीवर शेजारी ठेवल्या. वाकून बघितलं, बसून बघितलं. काठ चोळला, वास घेतला. एकदा डावीवर हात ठेवला, मग उजवीवर. ओळख काही पटेना आणि माघार काही घेता येईना.

"वरून कळायचं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "आत बघाय पायजेल." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी काल आहेरात आलेली साडी उचलली, पिशवीतून ओढली आणि फडाफड उलगडली.

बयाबाईंना तो आवाज कळला. त्यांच्या तोंडून चुकचुकल्यासारखा आवाज आला, कुणाचं तरी दूध उतू गेल्यावर येतो तसा.

साडी फरशीभर पसरली. पदराच्या आतल्या कोपऱ्याला एक काळं काहीतरी गाठ मारून बांधलेलं होतं. "हे काय?" प्रतिभाबाई म्हणाल्या.

"आणा इकडं," बयाबाईंनी हात पुढं केला. बोटांत धरून त्यांनी ते चुरडलं आणि त्यांचा हात थांबला. "लोकर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "काळी. सासऱ्याच्या घोंगड्याची. मी दुकानातून कुणासाठी बी नवी साडी घेतली, की आत एक धागा बांधती, नदर लागू न्हाई म्हणून. दुसरं कुणी बांधत न्हाई. ही मी घेतल्याली साडी हाय, विहीणबाई. मरून मी एकदाच घेतली, ती यवतच्या माझ्या चुलत जावंच्या पोराच्या लग्नाला दिल्याली. अंकी तवा साळंत व्हती."

मग बयाबाईंनाच आठवलं. "तुम्ही तर म्हणला, शिरूरला सोता उभी राहून निवडली."

प्रतिभाबाईंचा चेहरा साडीच्याच रंगाचा झाला. "मला काय ठावं! माझ्या भावजयीनं दिल्याली मला, तिच्या..." आणि जीभ चावून त्या थांबल्या. यवतहून निघालेली साडी भावजयीच्या घरी कशी गेली, मधे किती दारं फिरली, किती जणींनी तिच्यावर आपलं नाव सांगितलं, ते एक खंडोबाच जाणे.

पण गप्प बसतील त्या प्रतिभाबाई कसल्या! "आन् तुमची साडी तुमच्याच दारात परत आली, तवा तुम्हाला तरी कुठं वळखू आली? सांगत फिरता ना, सगळं ध्येनात असतं म्हणून?"

हे मात्र वर्मी बसलं. बयाबाईंनी लोकरीचा धागा बोटांत तसाच धरून ठेवला आणि मान खाली घातली. इतकी वर्षं त्या माजघरातून सगळ्या भावकीवर राज्य करत आल्या होत्या, त्या एकदम नुसत्या डोळा बांधलेली म्हातारी दिसायला लागल्या. सुषमाला भडभडून आलं. आपण ट्रंक आवरली नसती तर हे झालंच नसतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, झालं असतंच, कधीतरी. दोघीही खरंच बोलत होत्या. ही म्हणते मी दिली, ती म्हणते मी दिली, आणि साडी एकच. धडा अगदी तंतोतंत फरशीवर पसरला होता आणि शिकवणाऱ्या बाईला त्यातून काडीचा उपयोग सुचत नव्हता.

"ते काय बी असू दे," प्रतिभाबाईंनी आवाज चढवला, कारण आवाज चढवण्याखेरीज आता त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. "चार बायांत माझं हसं झालं. अशानं मी सून पुण्याला धाडू? लोक काय म्हणतील? आज न्हाई जायाचं म्हंजी न्हाई. कंपनीला सांग फोन करून."

सुषमा म्हणाली, "मावशी, चूक माझी हाय. साड्यांची जागा मी बदलली. हिचा काय संबंध त्यात?"

"तू मधी बोलू नको. तुझ्याच शहाणपणानं झालंय सगळं."

तेवढ्यात जिन्याकडून हसू आलं. अंकिता हसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी हसत होती. "वैनी," ती म्हणाली, "दोघींचं बी खरं हाय की! तुम्हीच तर..." पुढचं तिला हसण्यामुळं बोलता येईना. मग ती खाली आली, वाकली आणि फरशीवरची साडी दोन्ही हातांनी गोळा करून घेतली, उन्हात वाळत टाकलेलं धुणं काढावं तशी. आणि आत खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"काय करती?" बयाबाईंनी विचारलं.

प्रतिभाबाई उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. "अगं ए," त्यांनी दारावर थाप मारली. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. मोटार बंद झालेली होती, तरी सार्थक आला नाही.

दार उघडलं. अंकितानं ती साडी नेसली होती. हिरवा ब्लाऊज, तोही लग्नातला, हाताला घट्ट झालेला. इतकी वर्षं घडीत दाबून पडलेलं कापड अंगावर नीट बसत नव्हतं. जिथं तिथं आडव्या-उभ्या चुण्या उठल्या होत्या आणि निऱ्या फुगल्या होत्या. अशी साडी नेसून कुणी पहिल्या दिवशी कंपनीत जात नाही. पण पोरीची मान सरळ होती.

"ही आता कुणी कुणाला द्यायची न्हाई," ती म्हणाली. "आन् मम्मी, मी फोन करणार न्हाई. दहाला पोचायचंय मला. संध्याकाळी आल्यावर तुम्ही काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन."

तिचा आवाज थरथरत होता. सुषमा ओळखत होती तो आवाज. पहिल्यांदा फळ्यासमोर उभी केली तेव्हाही असाच होता. अंकितानं आईच्या पायाला हात लावला, मग सासूच्या. प्रतिभाबाईंनी पाय मागं घेतला नाही, पण आशीर्वादही दिला नाही. अंकिता एक क्षण तशीच वाकून राहिली, मग उठली, बॅग खांद्याला लावली आणि बाहेर पडली. पदर कमरेला खोचून तिनं गाडी सुरू केली.

तिघी दारात उभ्या राहिल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, आणि मरून रंग उसाच्या आड गेला. आत फरशीवर दुसरी साडी होती तशीच घडीत पडून होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

बयाबाईंनी गॉगल काढला, धुरकट डोळ्यानं रस्त्याकडं बघायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "कशी दिसती गं माझी पोर?"

सुषमा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तर दुसरीकडूनच आलं.

"दिसती चांगली," प्रतिभाबाई म्हणाल्या. त्या अजून रस्त्याकडंच बघत होत्या. "पर फॉल न्हाई लावल्याला. पायात येईल. संध्याकाळी आली की लावून देती."